मूळ फोटो ठेवत नाहीत

तिला सगळे आत्या म्हणत. सुरुवात भाच्याने केली. त्याला तो अधिकारच होता. मग मुलाला सवय लागावी म्हणून वहिनी म्हणू लागली, वहिनीचं ऐकून शेजारीपाजारी, आणि हळूहळू दुकानातली गिऱ्हाइकंही, त्यांत तिच्याहून वयाने मोठी असलेलीसुद्धा. शेवटी सख्खा भाऊच बहिणीला आत्या म्हणायला लागला. त्या वेळी कुणीतरी हरकत घ्यायला हवी होती. पण हरकत घेण्यासारखं माणूस घरात एकच होतं, आणि ते तेव्हा कामात होतं. पुढे भाचा शिकला, नोकरीसाठी दूर गेला, तिकडेच रमला. नातं तेवढं मागे ठेवून गेला.

दुकान फोटोचं होतं. पुढे काउंटर, बाजूला एक स्टूल, स्टुलामागे पांढरा पडदा. तिथे दादा लोकांना हनुवटी वर घ्यायला सांगायचा. मागे प्लायवूडचं पार्टिशन आणि पार्टिशनमागे आत्या. तिच्या खोलीत एक टेबल, एक संगणक, पाठीला उशी बांधलेली खुर्ची. खिडकी होती, पण तिच्यासमोर फोटोच्या कागदांचे खोके रचलेले होते, कारण कागदाला ऊन चालत नाही. आत्याला चालतं का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. खरं सांगायचं तर तिलाही बरीच वर्षं पडला नव्हता.

तिच्या कामाला दुकानात ‘सफाई’ म्हणत. दादा फोटो काढी, आत्या सफाई करी. मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावर आलेली चुकार बट, दुसरी हनुवटी, मागच्या भिंतीवरचा ओघळ. गिऱ्हाइकाला फोटोत स्वतःसारखं दिसायचं असतं, पण फार नाही. ते ‘फार नाही’ किती, हे आत्याला नेमकं कळे. एका कुटुंबाने मोजायचं सोडून दिलेला जावईही तिने लग्नाच्या समूहचित्रातून अलगद काढून दिला होता. त्याचा सासूच्या खांद्यावरचा हात मात्र तिच्या नजरेतून सुटला. फोटो चौकटीत बसून त्या घराच्या भिंतीवर गेला आणि सासूबाई आजही कुणाच्या तरी भक्कम आधाराने उभ्या आहेत. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आपलं माणूस असलं की लोक इतकं निरखून बघत नाहीत.

दुकानाचा एक नियम होता. मूळ फोटो ठेवायचा नाही. सफाई झाली की त्याच फोटोवर नवा बसवायचा आणि कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करून टाकायचं. पूर्वी ठेवत असत. पण एकदा एका नवरीच्या आईने दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिले आणि काउंटरवर हात टेकून विचारलं, “म्हणजे माझ्या मुलीत एवढं खोडण्यासारखं होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?” त्या दिवसापासून दादाने ठरवलं, मूळ राहिलं की भांडण राहतं. आत्याच्या हाताला ते इतकं अंगवळणी पडलं, की ‘सेव्ह’ची कळ कीबोर्डवर कुठे आहे हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं; बोट मात्र आपसूक तिथे जाई.

मग एक दिवस दुकानात पक्ष्यांचे फोटो मोठे करून घ्यायला एक गृहस्थ आले. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. समुद्रकाठी कुठल्याशा पक्षी-केंद्रावर होते; पुढे आत्या त्यांना सर म्हणू लागली, म्हणून आपणही तेच म्हणू.

“आहे तसे छापा,” सर पार्टिशनपलीकडून म्हणाले. “हात लावू नका.”

“तशी आमची सफाई फुकट असते हो,” दादा म्हणाला. “ती काडी आलीय मधे, ती काढून टाकतील आतून.”

“काडी असू द्या. ती तिथे होती.”

आत आत्याने तो फोटो उघडला होता आणि काडी तिला खुपत होती. उजव्या हातावर डावा हात ठेवून ती स्वस्थ बसली. बाहेर, छपाई होईपर्यंत वेळ काढायचा म्हणून, सर दादाला सांगत होते की ते शनिवार-रविवारची निसर्ग छायाचित्रणाची कार्यशाळा घेतात. आणि या वेळी त्यातून एकाला निवडून केंद्रावर हंगामभर ठेवून घेणार आहेत, पाहुणे पक्षी येतात तेव्हापासून परत जाईपर्यंत. मानधन बेताचं. जेवण आणि राहायला खोली. समुद्राकडे खिडकी असलेली.

“हंगामभर?” दादा हसला. “खारं वारं खायला कोण रिकामटेकडं येणार?”

पार्टिशनमागे आत्याने हात काढून घेतला आणि छपाईची आज्ञा दिली. काडीसकट. आपल्याला ती खोली हवी आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. असं काही हवं असण्याची सवय नसल्यामुळे आधी तिला वाटलं, पित्त झालंय.

दादाला तिने एवढंच सांगितलं, की बाहेरचे फोटो काढायला शिकले तर बाहेरच्या ऑर्डरी घेता येतील. धंद्याचं म्हटल्यावर दादाला लगेच पटलं. मग म्हणाला, “पण एकटी कशी जाशील?”

आत्या पन्नाशी ओलांडून गेली होती.

“वहिनीला घेऊन जा सोबत. तिलाही हवापालट.”

अशी वहिनी निघाली. इथे वहिनीबद्दल गैरसमज नको. कादंबऱ्यांतून भेटते तसली भावजय ती नव्हती. नणंदेला कधी टाकून बोलली नाही, आजारपणात उशाशी बसली, साडी घेतली तर दोघींना सारखी घेतली. तुरुंगाला कुलूप असलं की माणूस निदान ते तोडायचा विचार करतो. इथे दार सताड उघडं होतं आणि दारात वहिनी प्रेमाने विचारत उभी होती, “अगं कुठे निघालीस? थांब, मीही येते.”

कार्यशाळेला मोजकीच माणसं होती. सगळ्यांत उठून दिसणारे एक दंतवैद्य. त्यांच्या कॅमेऱ्याची लेन्स एवढी लांब होती की पहिल्या चहालाच त्यांचं नाव तोफवाले पडलं. आत्याकडे दुकानातला जुना कॅमेरा होता, ज्याने आजवर माणसाच्या डोक्यापासून छातीपर्यंतचाच प्रदेश पाहिला होता.

सरांनी नियम सांगितले. पक्ष्याच्या जवळ जायचं नाही. रविवारी दुपारी प्रत्येकाने आपला एकच फोटो सर्वांसमोर दाखवायचा. “थोडा उजळ करा, कडेने कापा, हरकत नाही. बाकी काही बदलायचं नाही. फोटो ही साक्ष असते. साक्षीदाराने सुधारणा करायच्या नसतात.”

आत्याला हे इतकं पटलं की तिने मान डोलावली. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला.

“आत्या, चकचकीत कागद कुठे ठेवलाय?” दादा.

ती बाहेर व्हरांड्यात गेली. चकचकीत कागद खिडकीसमोरच्या खोक्यांत मधल्या रांगेत होता. दादाला रांग सापडेना. मग प्रिंटर कागद ओढेना. मग एका मुलाचा फोटो हवा होता, आणि ‘आत्या असत्या तर लगेच दिला असता’ असं मुलाची आई ऐकवून गेली होती, तेही सांगायचं होतं. ती परत सभागृहात आली तेव्हा सर पडद्यावरचं शेवटचं चित्र बंद करत होते आणि वहिनी पहिल्या रांगेत पुढे झुकून बसली होती.

“काय सांगितलं?” आत्याने विचारलं.

“फार छान सांगितलं गं. पक्ष्यांच्या पायांबद्दल. मी तुला सांगेन रात्री.” रात्री वहिनी उशीला डोकं टेकताच झोपली.

रविवारी उजाडता उजाडता सरांनी सगळ्यांना लपणांत बसवलं. लपण म्हणजे खाडीच्या चिखलाकडे तोंड करून ठेवलेलं लाकडी खोपट. आत बाक, समोर हातभर लांबीची आडवी फट. एकदा आत शिरलं की भरती ओसरून पक्षी पांगेपर्यंत बाहेर यायचं नाही, नाहीतर सगळा थवा उठतो. एका लपणात दोन माणसं. आत्या आणि वहिनी.

तोफवाल्यांना म्हणे आत गुदमरलं. आत्याला मात्र घरी आल्यासारखं वाटलं: लाकडी भिंत, अंधार, समोर उजेडाचा चौकोन. फरक एवढाच होता, की या चौकोनातलं काहीच तिला दुरुस्त करायचं नव्हतं. चिखल चिखलासारखा होता. पाणी मागे सरकताना मधेच थांबत होतं, जणू काही विसरलं होतं. फोन सरांनी बाहेर ठेवून घेतले होते. वहिनी शेजारी होती. पण बोलायला बंदी असल्यामुळे ती जवळजवळ नसल्यासारखीच होती. आत्याच्या आयुष्यात इतका वेळ तिला कुणी हाक मारली नव्हती, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग तो आला. मुठीएवढा चिखल्या पक्षी, थोडं धावायचं, थांबायचं, पुन्हा धावायचं, किल्लीच्या खेळण्यासारखं. धावत धावत थेट फटीसमोर आला आणि एका पायावर उभा राहिला. आत्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. पक्ष्याने दुसरा पाय खाली टेकला, मान वळवून नेमकं तिच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं स्टुलावर बसलेल्या माणसांना दादा जी गोष्ट करायला विनवत आला होता, ती त्याने न सांगता केली. तिने बटण दाबलं.

“पायात पिवळं काहीतरी,” वहिनी कानात कुजबुजली.

“श्श,” आत्या म्हणाली.

फोटो चांगला आला आहे हे तिला कळलं होतं. खोलीवर येऊन तिने तो सोबत आणलेल्या लॅपटॉपवर घेतला आणि पाहिला, तेव्हा तो त्याहून चांगला होता. पीस न् पीस मोजून घ्यावं. डोळ्यात आकाशाचा ठिपका. पायाखाली त्याचंच ओलं प्रतिबिंब. हा फोटो पाहून सर खोली देतील. दिली नाही तर निदान देता का म्हणून विचारायचं तोंड तरी आहे. घरी काय सांगायचं, याचं पहिलं वाक्यसुद्धा तिने मनात जुळवून पाहिलं.

फोन वाजला.

“आत्या, ते मंडळाच्या अध्यक्षांचं काय करायचं? फोटोत डोळे मिटलेत.”

“दुसऱ्या फोटोतले उघडे घे नं दादा.”

“दुसऱ्यात तोंड उघडंय.”

“तोंड नको घेऊस. डोळेच घे.”

“ते कसं करायचं?”

मग आत्या सांगू लागली. इथून निवड, तिथे बसव, कडा मऊ कर. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरलेला, समोर स्क्रीनवर मोठा केलेला फोटो, उजवा हात माऊसवर. दादाला एक गोष्ट तीनदा सांगावी लागे. पहिल्यांदा डोळे नाकावर बसले, दुसऱ्यांदा कानाशी. अध्यक्ष एकदाचे जागे झाले, दादा “बरं” म्हणाला, फोन बंद झाला.

आत्याने समोर पाहिलं. चिखल्या छान दिसत होता. पाय बारीक, सरळ, स्वच्छ. जुन्या फोटोवर नवा बसला होता, कार्ड रिकामं झालं होतं.

काही तरी चुकलंय एवढंच तिला वाटलं. काय, ते ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पायात काहीतरी अडकलं होतं. पिवळी चिंधी, तिच्यावर काळी अक्षरं. फोनवर बोलताना हाताने ती काढून टाकली होती, नवरीच्या दंडावरचा लसीचा व्रण काढावा तशी. जे अंगाचं नाही ते ठेवायचं नाही, हे हाताला माहीत होतं. सरांचं भाषण हाताने ऐकलं नव्हतं.

तिने स्वतःची समजूत घातली. कचराच होता. कुठून तरी अडकलेला. काडीसारखं होतं म्हणावं, तर काडी चिखलातली असते, हा तर नुसता प्लॅस्टिकचा तुकडा. नियम मोडला होता खरा, पण मोडल्याचं कुणाला दिसणार नव्हतं. तिचं काम दिसत नसे, म्हणून तर चांगलं होतं. आणि दुसरा फोटो नव्हता.

दुपारी सभागृहात पडद्यावर फोटो येऊ लागले. तोफवाल्यांनी दूरच्या वाळूपट्टीवरचे कुरव पक्षी टिपले होते. त्यातल्या अर्ध्यांची डोकी कापली गेली होती. मग आत्याचा चिखल्या आला. सभागृहात कुणीतरी “वा” म्हटलं. सर खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले.

“एवढ्या जवळ आला?”

“स्वतःहून आला,” आत्या म्हणाली.

“हात थरथरला नाही तुमचा.” सरांनी तिच्याकडे पाहिलं ते चांगल्या अर्थाने होतं, आणि आत्याला समुद्राकडची खिडकी एवढी स्पष्ट दिसली की तिचे गज रंगवायला झालेत हेही दिसलं.

आणि तेव्हा वहिनीला राहवलं नाही. नणंदेचं कौतुक होत होतं, त्यात आपलाही चिमूटभर हातभार लागावा, इतकाच तिचा हेतू होता. “सर, आणि त्याच्या पायात ते पिवळं होतं. तुम्ही काल दाखवलंत नं, झेंडी, अक्षरं असतात ती? कुणी कुठून उडालं ते कळतं म्हणालात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. हो की नाही गं आत्या?”

सर एकदम जागे झाले. “पिवळी? इथे अजून पिवळी झेंडी कधी मिळाली नाही.” त्यांनी पाय मोठा केला. मग आणखी मोठा. पडद्यावर हातभर उंचीचा पाय उभा राहिला. नितळ. जगात कुठल्याही पक्ष्याचा पाय इतका नितळ नसेल.

“कुठेय?” सर म्हणाले.

खुर्च्यांवर माणसं सावरून बसली.

“मी काढली,” आत्या म्हणाली.

“काढली?”

“मला कचरा वाटला. म्हणजे, वाटायच्या आधीच काढली गेली.”

“बरं, हरकत नाही. मूळ फोटो द्या.”

“मूळ नसतो.”

“नसतो म्हणजे?”

“आमच्याकडे मूळ फोटो ठेवत नाहीत,” आत्या म्हणाली, आणि ऐकताना ते तिलाही इतकं विचित्र वाटलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची रीत ती सांगत होती.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खुर्चीत बसले. वहिनी एकदा सरांकडे, एकदा आत्याकडे पाहत होती. आपण काय केलं ते तिला अजून उलगडलं नव्हतं, पण काहीतरी केलं आहे एवढं कळलं होतं.

“अक्षरं मला आठवतायत,” आत्या म्हणाली. खरंच आठवत होती. खोडलेली प्रत्येक गोष्ट तिला आठवे. माणसं तिला चेहऱ्यांपेक्षा व्रणांवरून लक्षात राहात. तिने अक्षरं सांगितली.

सरांनी ती ऐकून घेतली. लिहून मात्र घेतली नाहीत. “तुमच्यावर माझा विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण मला ही पुढे पाठवता येणार नाहीत. नोंद ठेवणारे विचारतात, फोटो कुठेय.”

हंगामासाठी निवड तोफवाल्यांची झाली. ते उठून उभे राहिले, सर्वांना नमस्कार केला आणि म्हणाले की निवडलंत हाच मोठा सन्मान, येणं काही जमायचं नाही, मागे पेशंट तोंड उघडून बसलेत. लोक हसले, टाळ्या वाजल्या.

सामान गाडीत गेलं. आत्या तशीच उलटी फिरली आणि सभागृहात वायरी गुंडाळत असलेल्या सरांसमोर जाऊन उभी राहिली. असं कुणाकडे काही मागायला ती याआधी कधी गेली होती, हे तिला आठवेना.

“ती जागा आता रिकामीच आहे नं?”

सरांनी वायर खाली ठेवली. “आहे. पण तिथे दुसरं काम नाही हो. हंगामभर पायच टिपायचे असतात. पक्षी सुंदर आला नाही तरी चालतो.”

“मला आता कळलंय.”

“तुम्हाला कळलंय. हाताला कळायला वेळ लागेल.” ते तिला बरं वाटावं म्हणून हसले. “पुढच्या हंगामाआधी परत या. तोवर एक करा, कुठल्याही फोटोतलं काही पुसू नका. सवय मोडेल.”

हे त्यांनी मनापासून सांगितलं. डॉक्टर जसं हमालाला सांगतात, की काही दिवस वजन उचलू नका.

सभागृहाच्या दारापर्यंत वहिनीही आली होती आणि तिने ऐकलं होतं.

“हंगामभर म्हणजे सहा-सात महिने होतात,” ती गाडीत म्हणाली.

“होतात.”

“दिली असती तर?”

“तर गेले असते.”

“आणि आम्ही?”

आत्या खिडकीची काच खाली करू लागली. वहिनीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी आत्यापुढे धरली. “मला माहीत असतं तर मी बोलले नसते गं,” ती म्हणाली, आणि हे खरंच होतं. किंवा तिला ते खरं वाटत होतं. तिच्याजवळ बसून त्यातला फरक करता येत नसे.

संध्याकाळी जेवताना दादाने विचारलं, “मग? काय काय झालं?”

वहिनी सांगू लागली. समुद्र, खोली, गाद्या जरा कडक, जेवण बरं, एक दंतवैद्य भलतेच विनोदी, आत्याच्या फोटोला सर्वांनी वा वा केलं. सांगणं ओघवतं होतं, कुठे अडखळलं नाही. झेंडी नव्हती, जागा नव्हती, वायरी गुंडाळणारे सर नव्हते. आत्या ऐकत होती. कुठून काय काढलं ते तिला माहीत होतं म्हणूनच दिसत होतं. कडा इतक्या मऊ होत्या की तिलाही यापेक्षा बरं जमलं नसतं.

“छान,” दादा म्हणाला. “मग तो फोटो मोठा करून काउंटरमागे लावू. उद्या अध्यक्ष येतील, त्यांच्या—”

“दादा,” आत्या म्हणाली, “तिथे एक जागा होती. हंगामभर राहून काम करायची. मी मागितली होती.”

वहिनीचा हात ताटावर थांबला. दादाने बहिणीकडे नीट पाहिलं, स्टुलावर बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

“मग?”

“दिली नाही.”

“नाही नं दिली?” दादाचा घास पुन्हा चालू झाला. “मग झालं तर.”

“पुढच्या वर्षी परत मागणार आहे.”

“पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू,” दादा म्हणाला. त्यात राग नव्हता, विरोध नव्हता, काहीच नव्हतं. “आधी उद्या त्या अध्यक्षांच्या मिसेसचं बघ. फोटो ठीक आलाय, पण गालावर तो डाग आहे, तो काढून टाकायला सांगितलाय त्यांनी.”

वहिनीने न विचारता आत्याच्या ताटात आणखी वाढलं. आत्या ते जेवली.